‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ : पालघर-बोईसरच्या घरबाजारातून एक फेरी

विरार स्टेशन मागे पडले की रुळांच्या दोन्ही अंगांना आकाश मोकळे होते. वैतरणेच्या खाडीवरचे पूल, खाजणे, भातखाचरे, ताडाची उंच झाडे. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड अशी ही स्टेशनांची माळ. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली आणि मुंबईत भाड्याच्या खोलीत दिवस काढणाऱ्या माणसाला हा मुलूख एकदम जवळचा वाटू लागला. माणसांच्या मागोमाग जाहिरातींचे फलक आले. आता गाडीच्या खिडकीतून पाहिले तर शेताच्या बांधावर, पुलाच्या कठड्यावर, रिक्षाच्या पाठीवर एकच मजकूर दिसतो : हक्काचे घर, स्टेशनपासून पाच मिनिटे, किंमत फक्त इतके लाख.

वाचक बंधू-भगिनींनो, बाजारात साबण विकला जातो, शाम्पूची पुडी विकली जाते, मोबाईल विकला जातो. त्यात फसलो तर पाच-पन्नास रुपये जातात, फार तर महिन्याचा पगार जातो. पण घराच्या खरेदीत माणूस फसला तर त्याची तीस वर्षांची नोकरी जाते. म्हणून विक्रीची कला आणि विक्रीतली नीती यांचा विचार करायचा तर तो घरांच्या बाजारात उभे राहून करावा, असे मला वाटते. त्यासाठी पालघर-बोईसर-तारापूर हा पट्टा पायाखाली घालण्यासारखा आहे.

पालघर गावाला मोठा इतिहास आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’ चळवळीत इथल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. कोळगावच्या बाजूला सिडकोने जिल्हा मुख्यालयाच्या देखण्या इमारती उभारल्या. साहजिकच जमिनीचे भाव चढले. जिल्ह्याचे ठिकाण झाले म्हणून शिक्षक, कारकून, पोलीस, परिचारिका इथे राहायला आल्या. त्यांना घरे हवी होती, घरे बांधली गेली, यात काही वावगे नाही. वावगे आहे ते पुढेच.

इथे घर विकताना आजचे घर विकले जात नाही, उद्याचे स्वप्न विकले जाते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाले आणि तिच्या स्थानकांच्या यादीत बोईसरचे नाव आले. लगेच माहितीपत्रकांवर लांब नाकाची गाडी धावू लागली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. या बंदराला किनाऱ्यावरच्या मच्छिमारांनी वर्षानुवर्षे विरोध केलेला आहे. त्यांच्या पोटाचा प्रश्न जाहिरातीत कुठेच नसतो, मात्र ‘बंदरामुळे भाव दुप्पट’ हे वाक्य ठळक अक्षरात असते. विरार-डहाणू रेल्वेमार्गाचे चौपदरीकरण २०१६ साली मंजूर झाले, तेही ‘झालेच’ अशा थाटात सांगितले जाते. जी गाडी अजून एकदाही धावलेली नाही, तिच्या नावावर आजचे पैसे मागणे हा व्यवहार कितपत सरळ म्हणायचा? आणि समजा ती धावली, तरी सकाळी कामाच्या पाळीला जाणारा माणूस त्या गाडीने जाणार आहे काय? तो आपला पासवाला. त्याला लोकल किती वेळाने मिळते आणि ती चुकली तर पुढची केव्हा, हेच त्याच्या कामाचे. ते वेळापत्रक कुठल्याही माहितीपत्रकात छापलेले मी पाहिले नाही.

पालघरहून उमरोळी सोडले की बोईसर. पश्चिमेला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि समुद्राकाठी तारापूर अणुवीज केंद्र. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. कारखान्यांमुळे खानदेश, मराठवाडा, विदर्भापासून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशापर्यंतचे कामगार इथे आले. चाळीत एका खोलीत चार-सहा जण, पाळीपाळीने झोपणारे. अशा गावात स्वस्त घराची हाक दिली तर ती ऐकू जाणारच.

ती हाक मोठ्या आवाजात दिली गेली २००९ मध्ये. टाटा हाऊसिंग या कंपनीने बोईसरजवळ बेटेगाव येथे ‘शुभगृह’ नावाचा प्रकल्प जाहीर केला. सर्वांत लहान घर २८३ चौरस फुटांचे, किंमत ३ लाख ९० हजारांपासून. त्याच वर्षी लाखाची नॅनो मोटार बाजारात आली होती, म्हणून वर्तमानपत्रांनी याला ‘नॅनो घर’ म्हटले. घरांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त आले आणि सोडत काढावी लागली. मोठ्या कंपनीला गरिबाचे घर बांधावेसे वाटले, ही गोष्ट चांगलीच होती. पण ज्यांनी बोईसरचे नावही ऐकले नव्हते त्यांना ते त्या एका आकड्याने माहीत झाले, हेही तितकेच खरे. किमतीचा लहान आकडा मोठ्या अक्षरात छापला की माणूस प्रवासाचे अंतर विसरतो, हे बाजाराने तेव्हापासून पक्के ध्यानात ठेवले.

या आकड्यामागे काय काय दडलेले असते, ते मी डोळ्यांनी पाहिले. माझी थोरली बहीण नालासोपाऱ्याला भाड्याने राहते. दाजी नोकरीतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले. ‘आता तरी स्वतःच्या दाराला कुलूप लावू,’ ही ताईची इच्छा. एका रविवारी आम्ही तिघे बोईसरला उतरलो. बिल्डरची फुकटची गाडी स्टेशनबाहेर उभीच होती. कोणता बिल्डर, ते सांगण्यात अर्थ नाही. एकाचे नाव घ्यावे आणि बाकीच्यांनी साव ठरावे, असे नको.

प्रथम थंडगार खोलीत चहा-बिस्किटे. मग टाय लावलेला तरुण आला. मुलगा लाघवी. ताईला ‘मावशी’ म्हणाला, दाजींना ‘काका’. नंतर नमुन्याचा फ्लॅट. दिवे, पडदे, आरसे, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचे चित्र. ताई पाहतच राहिली. पण ताई शिवणकाम करते आणि तिच्या पिशवीत टेप असतेच. तिने सहज म्हणून पलंगाला टेप लावली. पलंग साडेपाच फूट लांब भरला. ‘अहो, तुमचे पाय कुठे ठेवायचे?’ तिने दाजींना विचारले. मग आमच्या लक्षात आले की कपाट हातभर खोल नाही, जेवणाच्या टेबलावर दोन ताटे मावणार नाहीत आणि खोल्यांना दारेच बसवलेली नाहीत. दार उघडायला जागा लागते. दार काढून टाकले की खोली मोठी दिसते!

मग किंमत. फलकावर सहाशे चौरस फूट आणि १८ लाख. म्हणजे फुटाला तीन हजार, असा आपला हिशेब. पण सहाशेत जिना, लिफ्ट, बाहेरच्या भिंती, सगळे धरलेले. घरात चटई अंथरायला मिळणारी जागा, म्हणजे कारपेट, ३९० फूट. आता १८ लाखांना ३९० ने भागा, फुटाला ४,६०० रुपयांच्या वर दर गेला. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी, सोसायटीची अनामत, वीजमीटरचा खर्च. हे सगळे ‘नंतर बघू’ या शब्दांत सांगितले जाते. कर्जाचेही तसेच. ‘भाड्याइतक्याच हप्त्यात घर’ हे वाक्य ऐकायला गोड. वीस लाख रुपये नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १८ हजार पडतो आणि वीस वर्षांत ४३ लाखांच्या वर भरावे लागतात. म्हणजे मुदलापेक्षा व्याज जास्त. आपल्या तरुणांनी कर्ज घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. पण बेरीज आपल्या हाताने, आपल्या वहीत करावी.

यानंतर त्या तरुणाने एक छापील अर्ज पुढे केला. नाव, आडनाव, मूळ गाव, शाकाहारी की मांसाहारी. घर घेणाऱ्याच्या ताटात काय असते याच्याशी विटा-सिमेंटचा काय संबंध? दाजींनी आडनाव सांगितले. तरुण क्षणभर थांबला आणि आवाज तितकाच गोड ठेवून म्हणाला, ‘काका, या इमारतीत आता शिल्लक नाही. मागच्या बाजूला दुसरी इमारत आहे, तुमच्या लोकांची तिकडे बरीच वस्ती आहे, तुम्हाला बरे पडेल.’ दहा मिनिटांपूर्वी याच इमारतीत ‘शेवटचे दोनच फ्लॅट’ होते. दाजी काही बोलले नाहीत. सन १९१७ मध्ये परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती आणि पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावे लागले होते. ती हकीकत आपण दर १४ एप्रिलला ऐकतो. आज तेच काम हसतमुखाने, छापील अर्जावर होते, एवढाच फरक. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास आडकाठी करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे.

ताई मात्र गप्प बसली नाही. तिने विचारले, ‘दादा, स्टेशन पाच मिनिटांवर, चोवीस तास पाणी, दोन वर्षांत ताबा, हे तुम्ही सांगितलेत. लिहून द्याल का?’ तो म्हणाला, ‘लिहून काय द्यायचे मावशी, माहितीपत्रकात छापलेच आहे.’ ‘मग याच्यावर सही-शिक्का मारून द्या.’ तो साहेबांना विचारून येतो म्हणून आत गेला, तो बराच वेळ आलाच नाही. आम्ही पत्रक पिशवीत ठेवले आणि चालत स्टेशनला निघालो. भरभर चालूनही चाळीस मिनिटे लागली. पाच मिनिटे कशाने लागतात, हे त्या पत्रकात लिहिलेले नव्हते.

ताईने जे मागितले ते कायद्याने तिला आधीच दिलेले होते. संसदेने २०१६ मध्ये स्थावर संपदा कायदा केला. लोक त्याला ‘रेरा’ म्हणतात. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा हे प्राधिकरण त्याचे काम पाहते. या कायद्याच्या १२ व्या कलमानुसार जाहिरातीतला, माहितीपत्रकातला मजकूर, एवढेच काय नमुन्याचा फ्लॅटसुद्धा बिल्डरला बांधील धरतो. त्यातल्या खोट्यावर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झाले तर भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर पैसे व्याजासह परत मागता येतात. नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. घर कारपेट क्षेत्रावरच विकावे लागते. प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातच करता येत नाही आणि दलालालाही नोंदणी लागते. पालघर जिल्ह्यातल्या जुन्या प्रकल्पांचे नोंदणी क्रमांक ‘पी ९९’ ने सुरू होतात. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही छापावा लागतो. मोबाईलने तो टिपला की प्रकल्पाची माहिती, मंजुरी, ताब्याची तारीख समोर येते. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठ घरांपर्यंतचे लहान बांधकाम या नोंदणीतून सुटते, हेही ध्यानात असू द्या. तिथे दुप्पट सावधपणा हवा.

कायदा आहे म्हणून सगळे आलबेल आहे, असे समजू नका. महारेराने भरपाईचा आदेश दिला तरी पैसे न भरणाऱ्याकडून वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करावी लागते आणि त्यात वेळ जातो. म्हणून भांडण्यापेक्षा आधी वाचणे बरे.

बोईसरहून शेअर रिक्षाने तारापूर-चिंचणीकडे गेलो की हवेतला फरक नाकाला कळतो. काही दिवशी उग्र दर्प, काही दिवशी नुसता समुद्राचा वारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण होते. देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत हा आकडा सर्वांत वरचा होता. अणुवीज केंद्राभोवतीचा १६ किलोमीटरचा टापू आपत्कालीन नियोजनासाठी आखलेला असतो. याचा अर्थ तिथे राहणे म्हणजे संकट, असा नाही. हजारो कुटुंबे तिथे राहतात, पोरे वाढतात, कारखान्यांवर चुली पेटतात. माझे म्हणणे इतकेच की घर घेणाऱ्याला हे ठाऊक असावे. दम्याचे मूल असलेल्या आईने ठरवावे, नोकरी जवळ असलेल्याने ठरवावे. आम्हाला मिळालेल्या पत्रकात समुद्रकिनारा होता, सूर्यास्त होता, कारखान्याचे धुराडे मात्र एकही नव्हते. खोटे बोलणे जसे खोटे, तसे विचारपूर्वक गाळणे हेही खोटेच.

चिंचणीच्या वाटेवर आणखी एक माल विकायला असतो : ‘फार्महाऊस प्लॉट’, ‘बंगलो प्लॉट’, हप्त्याने. हे फलक पाहून आपल्या माणसांचा जीव फार हलतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वाट्याला जमीन आलीच नाही. पण कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर महसूल संहितेच्या ३६-अ कलमाखाली आधी सरकारी परवानगी लागते. या भागातली कित्येक जमीन वारली बांधवांची. परवानगी नसेल तर आपले पैसे बुडतात आणि एका गरिबाची जमीन जाण्यात आपला हात लागतो. एकाची फसवणूक दुसऱ्याच्या फसवणुकीवर उभी राहते. तेव्हा सातबारा पाहिल्याशिवाय, बिनशेतीचा आदेश वाचल्याशिवाय इसारा देऊ नका.

विक्री करणे हे पाप नाही. भगवान बुद्धांचे अनेक उपासक व्यापारीच होते. श्रावस्तीच्या सुदत्त अनाथपिण्डिकाने जेतवन विकत घेतले, ती विनयपिटकातली कथा आपण लहानपणापासून ऐकतो. सोन्याच्या नाण्यांनी जमीन झाकली, एवढेच आपल्याला आठवते. पण त्या आधीची गोष्ट पाहा. राजकुमार जेताला बाग विकायची नव्हती. कोटींनी नाणी अंथरली तरी देणार नाही, असे तो म्हणाला. सुदत्त म्हणाला, किंमत बोललात, सौदा झाला. जेता नाकबूल. वाद न्यायाधिकाऱ्यांपुढे गेला आणि त्यांनी निकाल दिला : किंमत तोंडून निघाली, म्हणून बाग विकली गेली. समोर राजपुत्र होता, तरी विकणाऱ्याचा शब्द त्याच्यावर बांधील ठरला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा न्याय आणि रेराचे बारावे कलम यांत मला फारसे अंतर दिसत नाही. चौथे शील घेतलेल्या आपल्या मुलांपैकी कोणी आज विक्रीच्या नोकरीत असेल, तर त्यानेही हे ध्यानात ठेवावे. त्या टाय लावलेल्या तरुणाचीही मला कीव येते. त्याच्या पोटाला विक्रीचे लक्ष्य बांधलेले असते, आणि जे शब्द त्याने उच्चारले ते दुसऱ्याने लिहून दिलेले असतात.

तेव्हा माता-भगिनींनो, घर पाहायला जाताना काही गोष्टी सोबत न्या. पहिली टेप. दुसरी वही. बिल्डरच्या गाडीने जा, पण परत येताना पायी या, म्हणजे मिनिटे खरी कळतील. एकदा पावसाळ्यात जा आणि एकदा एप्रिल-मेमध्ये जा. शेजारच्या जुन्या इमारतीतल्या बायकांना विचारा : नळाला पाणी किती वेळ येते, टँकरला महिन्याला किती जातात? ‘आजच बुकिंग करा’ म्हणणाऱ्याला ‘उद्या येतो’ म्हणा. खरा माल रात्रीत नासत नाही. जे तोंडी सांगतील ते लेखी मागा आणि पत्रक जपून ठेवा. आणि घर शक्यतो घरातल्या स्त्रीच्या नावावर घ्या. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पैसे वाचतात ते वेगळेच, पण जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या खोलीचे भाडे वेळेवर भरले तिचे नाव दारावर लागते.

आपल्या विहारात दर रविवारी वंदना होते. वंदनेनंतर अर्धा तास एखादा करारनामा उघडून चार जणांनी मिळून वाचला, वकिलीचे शिक्षण घेणाऱ्या मुला-मुलींनी तो समजावून सांगितला, तर किती कुटुंबांचा फंड वाचेल! एकट्या माणसाला गोड बोलून गुंडाळता येते. दहा जण मिळून वाचायला बसले की छापलेल्या प्रत्येक शब्दाचा जाब विचारता येतो.